झाकली मूठ उघडताना: थकलेल्या कर्जांचा हिशेब मांडायची रीत

सोळा वर्षं मी एका पगारदारांच्या पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसलो. लोकांना वाटतं त्या टेबलापुढे बुडवे येतात. बुडवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे घाबरलेले. फोन न उचलणारे, बाजारात दिसलं की समोरच्या दुकानात शिरणारे, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला (जप्ती करूनही थकबाकी वसूल करायचा आदेश) निघाला की बायकोला सोबत घेऊन येणारे. दोन हप्ते चुकल्यावर स्वतःहून पासबुक घेऊन आलेला माणूस आणि दाखला निघाल्यावर आलेला माणूस, दोघांच्या पगारात फारसा फरक नसायचा. पहिल्याचं काम मात्र अर्ध्या तासात व्हायचं.

सांगणारा मीही धुतल्या तांदळाचा नाही. एका बँकेच्या क्रेडिट कार्डाची चार स्टेटमेंटं मी न फोडता शोकेसच्या खालच्या खणात, जुन्या लग्नपत्रिकांखाली सारली होती. दिवसभर दुसऱ्याला थकबाकी विचारायची आणि घरी तो खण उघडायचा नाही. एकदा मुलगी पत्रिकांवरचे गणपती कापायला बसली आणि पाकिटं बाहेर आली. "बाबा, हे कुणाचं लग्न?" पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून माझंच नाव दिसत होतं.

कर्जातून निघायला हिंमत लागते हे खरं, पण लोक ती भलत्या जागी खर्च करतात. घाईने प्लॉट विकतात, जुनं फेडायला नवं मोठं कर्ज काढतात, शेअर बाजारात ऑप्शन घेऊन "एकदाच काय ते" मिळवायला जातात. हिंमत लागते ती चार साध्या जागी: आकडा बघताना, घरात सांगताना, बँकेला स्वतःहून फोन करताना आणि कुणाला तरी नाही म्हणताना. तीही याच क्रमाने. घरात न सांगता बँकेत गेलात, तर बँकेने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला ("महिन्याला किती भरू शकाल?") खोटं उत्तर द्याल.

पुढचं सगळं त्या क्रमाने लिहिलंय. उदाहरणाला माझा एक भाचा घेतो. पिंपरीच्या बाजूला कारखान्यात आहे, हातात ४२ हजार येतात, बायको शिवणकामाचे सहाएक हजार मिळवते.

## तयारी: एक वही, एक सकाळ

वसुलीचा फोन येऊन गेल्याच्या रात्री हे काम करायला बसू नका. त्या रात्री माणूस फक्त दोनच गोष्टी करतो, नवं लोन ॲप उघडतो किंवा भांडतो. सुट्टीची सकाळ निवडा, दोन तास हातात ठेवा, आणि त्याआधी आठवडाभर नुसते कागद गोळा करा. कागद फोडायचे, एका पिशवीत टाकायचे. वाचायची सक्ती नाही.

काय काय लागेल:

- सगळ्या बँक खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंटं. जे खातं "मी वापरतच नाही" म्हणता, त्याचंही.
- पगाराची स्लिप. पतसंस्थेचा हप्ता, सोसायटीची वर्गणी, भविष्य निर्वाह निधीवरचा ॲडव्हान्स हे सगळं तिथेच कापलं जातं आणि डोक्यातून निसटतं.
- कार्डाचं ताजं स्टेटमेंट, कर्जांची मंजुरीपत्रं, पतसंस्थेचं पासबुक, ॲपवरच्या कर्जांचे स्क्रीनशॉट.
- मुदत ठेवीच्या पावत्या, एलआयसीची पॉलिसी, सोनं तारण असेल तर त्याची पावती.
- क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि फेडीची नोंद. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या तो देतात, आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळायचा तुमचा हक्क आहे. कंपनीच्या स्वतःच्याच वेबसाइटवरून घ्या.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. ही अफवा इतकी मुरलेली आहे की लोक तिच्या आड वर्षं काढतात.

वही कागदाचीच घ्या, एक्सेल नको. एक्सेलमध्ये आकडा लपवायला जागा फार.

## टप्पा १: आकडा लिहिणं

पानाला पाच रकाने पाडा. कर्ज कुणाचं, आज बाकी किती, व्याज किती, हप्ता आणि त्याची तारीख, तारण किंवा जामीनदार. मग पिशवीतून एकेक कागद काढायचा, लिहायचा, बाजूला ठेवायचा. लिहिताना नियम एकच: "हे का झालं" याची चर्चा करायची नाही. ती सुरू झाली की तिसऱ्या ओळीवर वही मिटते. मी हे कितीतरी घरांत बघितलं आहे.

भाच्याला विचारलं होतं, एकूण किती असेल? तो म्हणाला, "तीन-साडेतीन लाख." वहीत उतरलं ते असं:

- क्रेडिट कार्ड: ८०,०००
- पर्सनल लोन: २,४०,०००, हप्ता ८,६००
- दुचाकी: ३८,०००, हप्ता ३,२००
- पतसंस्था: १,००,०००, हप्ता ३,८००, जामीनदार दोन सहकारी
- साडूकडून उसने: ५०,०००
- लोन ॲप: १२,०००

बेरीज ५,२०,०००. तो दोन मिनिटं काही बोलला नाही. मग उठून पाणी प्यायला आणि म्हणाला, "मला वाटलं त्याहून जास्त आहे, पण आता निदान संपलं तरी. याच्यापुढे काही नाही ना?" मी बघितलेले बहुतेक लोक बेरजेनंतर थोड्याफार फरकाने हेच बोलले आहेत.

इथल्या चुका ठरलेल्या असतात.

पहिली म्हणजे बाकीच्या जागी हप्ता लिहिणं. हप्ता सगळ्यांना तोंडपाठ असतो, बाकी कुणालाच माहीत नसते. मंजूर रक्कम वजा भरलेले हप्ते म्हणजे बाकी, असं समजू नका. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. बँकेच्या ॲपवर "आउटस्टँडिंग" बघा किंवा शाखेत विचारा.

दुसरी चूक व्याजाच्या रकान्यात. "शेकडा पाच" म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. "फ्लॅट १२ टक्के" म्हणजेही बारा नव्हे. एक लाखाला तीन वर्षं फ्लॅट १२ ने घेतलं, तर ३६ हजार व्याज मुद्दलात मिळवून ३६ हप्ते पाडतात. तुम्ही मुद्दल फेडत राहता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत अख्ख्या लाखावर चालू राहतं. घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने तो दर साधारण २१ टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक ग्राहकांच्या (रिटेल) कर्जांसोबत बँका आणि वित्त कंपन्यांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो, त्यावर सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. तो शोधा.

तिसरी चूक म्हणजे कार्डाच्या "मिनिमम ड्यू"ला, म्हणजे बिलावरच्या किमान भरायच्या रकमेला, हप्ता समजणं. भाच्याच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता. ८० हजारांवर २,८०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४, म्हणजे ३,३०४. मिनिमम ड्यू पाच टक्के, ४,०००. चार हजार भरून मुद्दल कमी झालं ६९६ रुपयांनी. आणि जुनी बाकी उभी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, दुधाची पिशवी घेतली तरी त्या दिवसापासून व्याज.

तपासा: वहीतल्या ओळी क्रेडिट रिपोर्टशी जुळवा. रिपोर्टात आहे आणि वहीत नाही असं काही निघालं, तर ते विसरलेलं तरी असेल किंवा तुमच्या नावावर दुसऱ्याने काढलेलं. दुसरं असेल तर रिपोर्टच्या कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे लगेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. उसनवारी, भिशी, वाण्याची उधारी रिपोर्टात दिसत नाही, ती आठवून लिहा. आणि तुम्ही ज्याला जामीन आहात ते कर्जही वेगळ्या ओळीत मांडा.

## टप्पा २: घरात सांगणं

"झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण कर्जाला लावू नका. झाकलेल्या मुठीवर व्याज चालू असतं.

सांगायची सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे हप्त्याहप्त्याने कबुली. आज कार्डाचं सांगितलं, पंधरा दिवसांनी ॲपचं निघालं, महिन्याने साडूचा फोन आला. प्रत्येक वेळी समोरच्याच्या मनात एकच प्रश्न, अजून किती? मग पाच लाखांपेक्षा तो प्रश्न जड होतो. म्हणून आधी टप्पा १ पुरा करा आणि वही घेऊनच बसा. मुलं झोपल्यावर, टीव्ही बंद करून. स्वयंपाकघरात कुकर लावलेला असताना नको. तेव्हा ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष शिट्ट्यांकडे असतं.

वाक्यं साधी ठेवा. "आपल्यावर एकूण इतकं कर्ज आहे. सगळं या पानावर आहे, याबाहेर काही नाही. महिन्याला इतकं जातं. मला तुझ्याबरोबर बसून ठरवायचं आहे." माफी मागायची असेल तर वेगळी मागा, आकड्यांत मिसळू नका. आणि त्याच बैठकीत उपाय ठरवायचा हट्ट नको. समोरच्याला तो आकडा पचवायला दोन दिवस लागतात, तुम्हाला तर महिने लागले.

भाच्याची बायको सगळं ऐकून म्हणाली, "मला दिवाळीपासून माहीत आहे. तुझ्या मोबाईलवर मेसेज आले की स्क्रीन उजळते, मी आंधळी आहे का?" मग उठून तिने कपाटातून पन्नास हजारांची मुदत ठेवीची पावती आणून ठेवली. ती त्यालाच आठवत नव्हती.

घरानंतर लगेच जामीनदार. भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ता थकला की संस्था तुमच्याआधी त्यालाही गाठू शकते, त्याच्या पगारातून कापूही शकते. नोटीस त्याच्या दारात जाण्याआधी तुमचा फोन गेला पाहिजे. माझ्या टेबलापुढे दोस्त्या तुटायच्या त्या पैशापायी फार कमी. "तू मला सांगितलं नाहीस" हेच वाक्य जास्त वेळा ऐकलं.

थांबा: ज्या घरात खरं बोलल्यावर हात उचलला जाईल अशी भीती आहे, तिथे हा टप्पा तसाच पाळू नका. आधी भाऊ, बहीण, मैत्रीण, कुणातरी भरवशाच्या माणसाला वही दाखवा. आणि या सगळ्यात जगणंच नको असं वाटायला लागलं असेल, तर वही बाजूला ठेवा आणि १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर लावा. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. कर्जाचं नंतर बघता येतं.

## टप्पा ३: गळती थांबवणं

बादलीला भोक असताना नळ मोठा करून उपयोग नाही. फेडायला सुरुवात करण्याआधी नवीन कर्ज तयार होणं थांबलं पाहिजे. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण हात जड होतो.

खरेदीच्या प्रत्येक ॲपमधून कार्डाचा नंबर काढून टाका. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंद करायचं बटण असतं, ते दाबा. "आता घ्या, नंतर द्या" वाली खाती बंद करा. खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची यादी काढा. त्यात निदान दोन अशा निघतात ज्या कुणी बघतही नाही.

काय बंद करायचं नाही हेही ठरवा. आरोग्य विमा आणि मुदतीचा आयुर्विमा चालू राहिलाच पाहिजे. कर्ज असलेल्या घरात एक हॉस्पिटलचं बिल आलं की वही पुन्हा पहिल्या पानावर.

आता एक सूचना, जिच्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. कार्डाची बाकी ८० हजार आणि बाजूला ५० हजारांची ठेव सात टक्क्यांनी, हे दोन्ही एकाच घरात नांदत असतात. ठेव वर्षाला साडेतीन हजार देते, तेवढ्याच रकमेवर कार्ड वर्षाला एकवीस हजार घेतं. तरी ठेव मोडवत नाही, कारण ती "मुलीच्या शिक्षणाची" असते आणि कार्ड "असंच" असतं. पैशाला आपण नावं ठेवतो आणि मग त्या नावांना घाबरतो. मुदतीआधी मोडल्याचा दंड थोडासाच असतो. मोडा. पण सगळी नाही.

भाच्याच्या पन्नास हजारांचं असं केलं: १२ हजार देऊन ॲप त्याच दिवशी बंद, १८ हजार कार्डात, आणि २० हजार वेगळ्या बचत खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड बायकोकडे. ते २० हजार आधी बाजूला ठेवले नसते तर पहिल्या टायर पंक्चरला पुन्हा कार्ड बाहेर आलं असतं.

चूक: हप्ते कापले जाऊ नयेत म्हणून पगाराचं खातंच रिकामं ठेवणं. ऑटो डेबिट परत गेलं की तुमची बँक आणि कर्ज देणारा दोघेही दंड लावतात, आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटल्यासारखा खटलाही होऊ शकतो. हप्ता भरता येणार नसेल तर पुढचा टप्पा आहेच.

## टप्पा ४: बँकेला स्वतःहून फोन

टेबलाच्या पलीकडचं गुपित सांगतो. वसुलीवाल्याला दिवसाला पन्नास लोकांमागे धावायचं असतं. जो स्वतः येऊन "मी एवढे देऊ शकतो" म्हणतो, त्याचं नाव यादीतून कमी व्हावं हीच त्याची इच्छा असते. तुम्ही मागायला गेलेला नसता, त्याचं काम हलकं करायला गेलेला असता.

हप्ता चुकायच्या आधी जा. चुकला असेल तर पहिल्याच महिन्यात. सलग नव्वद दिवसांच्या वर थकलं की बँकेच्या वहीत ते कर्ज एनपीए (वसुलीची खात्री नसलेलं थकीत कर्ज) होतं, आणि मग समोरच्या माणसाच्या हातातही फार काही राहत नाही.

फोनआधी एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: आज बाकी किती, महिन्याला खात्रीने किती देऊ शकाल, कोणत्या तारखेला. "खात्रीने" म्हणजे घरातल्या सगळ्या मिळकतीतून घरखर्च आणि बाकीचे हप्ते वजा जाता. भाच्याचा घरखर्च २५ हजार, तीन कर्जांचे हप्ते मिळून १५,६००. कार्डासाठी चार हजारांच्या पुढे जाणं जमणार नव्हतं, आणि तो आठ हजार कबूल करायला निघाला होता. घाबरलेला माणूस फोनवर नेहमी मोठा आकडा बोलतो.

मागायचं काय? कार्डाच्या बाबतीत, उरलेल्या रकमेचे हप्ते पाडून द्या म्हणून. ठेवीतले १८ हजार भरल्यावर भाच्याचे ६२ हजार उरले होते. ते वर्षाला १८ टक्क्यांनी १८ महिन्यांसाठी बांधले तर हप्ता ३,९५६. व्याजाच्या भागावरचा जीएसटी धरून सुरुवातीला चार हजारांच्या किंचित वर जातो. आधी तेवढेच चार हजार भरून तो जागच्या जागी उभा होता. पर्सनल लोन असेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, हे विचारा. एकूण व्याज वाढेल, ते किती वाढेल तेही विचारा.

फोन झाला की त्याच दिवशी ईमेल. "आज अमुक वाजता बोलणं झालं, अमुक ठरलं." तोंडी ठरलेलं त्या माणसाच्या बदलीबरोबर जातं.

थांबा, "सेटलमेंट"ची सही करण्याआधी: "साठ हजारांत मिटवून टाका" ऐकायला गोड लागतं. पण रिपोर्टात ते खातं "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" दिसतं आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की तोच शब्द आडवा येतो. खरोखर दुसरा मार्ग नसेल तरच. तेव्हाही लेखी पत्र हातात आल्याशिवाय रुपया भरू नका. "आम्ही कर्जमुक्त करून देतो, तुम्ही हप्ते थांबवा आणि फी आम्हाला द्या" म्हणणाऱ्यांना तर चहासुद्धा विचारू नका.

वसुलीवाल्यांचंही काही बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना फोन करून बदनामी, हे सगळं नियमाबाहेर. तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. बनावट लोन ॲपवाल्यांनी फोटो पसरवायची धमकी दिली तर १९३० ही सायबर हेल्पलाइन, आणि पैसे अजिबात द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की धमकीवाले पुन्हा मागायला येतात.

खासगी सावकार असेल तर आधी एकच प्रश्न: परवाना आहे का? महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. कोरा चेक किंवा जमिनीचं खरेदीखत "नुसतं तारण म्हणून" लिहून दिलं असेल, तर ते दडवू नका. तक्रारीचा खरा जोर त्याच कागदात असतो.

## टप्पा ५: कोणतं आधी फेडायचं

दोन पद्धती चालतात. सगळ्यात महाग व्याज आधी, किंवा सगळ्यात लहान रक्कम आधी. हिशेबाने पहिली बरोबर. पण माणूस मशीन नाही, वहीतली एक ओळ पूर्ण खोडली की पुढचे सहा महिने दम टिकतो. माझं मत: एक लहान ओळ आधी खोडा, मग महाग व्याजाकडे वळा. भाच्याच्या बाबतीत ॲप लहानही होतं आणि महागही, त्यामुळे वाद मिटला.

बाकी सगळ्यांना ठरलेला हप्ता, आणि जास्तीचे पैसे एकाच कर्जात. थोडे थोडे सगळीकडे वाटले की काहीच संपत नाही.

साडूचे ५० हजार बिनव्याजी होते म्हणून भाचा ते सगळ्यात शेवटी धरून चालला होता. मी म्हटलं, दर महिन्याला हजार तरी पाठव, तारीख ठरवून. बिनव्याजी कर्जाचं व्याज लग्नकार्यात वसूल होतं, पंगतीत कोण कुणाशेजारी बसत नाही त्यावरून कळतं.

दुचाकीचे हप्ते तेराएक महिन्यांत संपतील. मोकळे झालेले ३,२०० त्याच दिवशी पुढच्या कर्जाला लावायची सूचना बँकेला देऊन ठेवायची. एक महिना जरी ते पगारात मिसळले तर परत सापडत नाहीत. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जात आगाऊ भरणा केला तर व्यक्तीला दंड लागत नाही. पर्सनल लोन बहुधा फिक्स्ड दराचं असतं, तिथे आगाऊ भरण्याचे पैसे पडू शकतात, करार बघून मगच भरा.

सोनं ठेवून कार्ड फेडावं का? दर निम्म्याहूनही कमी पडतो, तेव्हा हिशेबाने हो. पण अट एक: त्याच दिवशी कार्डाची मर्यादा कमी करून घ्यायची. नाहीतर वर्षभराने सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं, असे लोक मी मोजायचे सोडून दिले.

## टप्पा ६: नाही म्हणणं

हा टप्पा छोटा आहे, कारण त्याला युक्ती नाही. "नुसती सही कर, हप्ते मीच भरणार" म्हणत जवळचा कुणी जामीनपत्र घेऊन येतो. पुतणीच्या लग्नात पन्नास हजारांचा आहेर "दिसायला" पाहिजे असतो. कारणं सांगत बसू नका, कारणाला लोक उत्तर शोधतात. "यंदा जमणार नाही, आमचं घराचं ठरलंय" एवढं पुरे. घराचं ठरलंय हे खरं असावं, म्हणून तर टप्पा २ आधी आला.

## टप्पा ७: बंद झाल्याचे कागद

शेवटचा हप्ता गेला की लोक पेढे वाटतात आणि कागद आणायला विसरतात. मग तीन वर्षांनी गाडी विकायला काढली की कळतं, आरसी बुकवर अजून बँकेचं नाव आहे.

- बँकेकडून नो ड्यूज (बाकी नसल्याचं पत्र) आणि एनओसी (ना हरकत दाखला). दिलेले कोरे चेक परत. ऑटो डेबिटचं मॅन्डेट रद्द झालं का ते स्वतः तपासा.
- गाडीसाठी एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवून घ्या.
- घर-जमीन तारण असेल तर पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.
- क्रेडिट कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि बाकी शून्य असेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं पाहिजे.
- पतसंस्थेत जामीनदारांनाही मुक्त झाल्याचं कळवा, आणि तुमच्या खात्याचा उतारा शून्य बाकीसह शिक्का मारून घ्या.
- शेतजमिनीवर कर्ज होतं तर सातबाऱ्यावर "इतर हक्क" रकान्यात बोजा नोंदलेला असतो. बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन तो कमी करायचा, आणि महिन्याभराने नवा सातबारा काढून बघायचा.

दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. ते खातं "क्लोज्ड" आणि बाकी शून्य दिसली पाहिजे. नसेल दिसत, तर नो ड्यूजची प्रत जोडून रिपोर्टच्या कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज करा. हे सगळे कागद एका फाइलमध्ये लावा आणि फाइल कुठे आहे ते घरात दोघांना माहीत असू द्या. शोकेसचा खालचा खण सोडून कुठेही ठेवा.